एक ठोका फिरव, दोन ठोके थांब

गिअरवाल्यानं बसवलेला गिअरबॉक्स आणि गिअरवाल्यानं दिलेला शब्द, दोन्ही परत येत नाहीत, असं शेजारचा लेथवाला येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचा. त्याच्या लेथच्या किरकिरीत दिवसभर कुणाचं बोलणं कुणाला ऐकू जायचं नाही, पण हे एक वाक्य सांगायला तो मुद्दाम यंत्र बंद करायचा. सांगायचा ते खरंही होतं म्हणा. तो शब्दच तर गिअरवाल्याला शेवटी नडला.

झालं असं की गिअरवाल्याची लेक आली होती आईला न्यायला. बाईंचं आताशा डोकं ठिकाणावर राहत नव्हतं. वेडंबिडं काही नाही हो, विसरायच्या. आधी किल्ल्या विसरल्या, मग वार, मग शेजारणींची नावं. परवा शेगडी पेटती ठेवून अनवाणी रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या आणि घर कुठलं ते सांगता येईना. लेथवाल्यानं हाताला धरून आणून सोडलं आणि त्याच्याच बायकोनं लेकीला फोन केला.

"बाबा, तुम्ही दिवसभर गाडीखाली. आईकडे बघणार कोण?"

"मी आहे ना."

"गाडीखालून?"

झालं, गिअरवाल्याचं डोकं फिरलं. हातातला पाना त्यानं बाकावर आपटला. "तुझी आई घर विसरेल, उद्या मलाही विसरेल, पण काम विसरायची नाही. हातात मुरलंय ते तिच्या. रविवारी लाकूडवाल्याच्या ट्रकला गिअरबॉक्स चढवतोय. ये बघायला. तिच्या हातानं नाही बसला, तर खुशाल घेऊन जा तिला. मी ब्रसुद्धा काढणार नाही."

लेकीनं नुसती मान हलवली. बापाशी वाद घालण्यात राम नाही, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

आता बाईंचा आणि गिअरबॉक्सचा काय संबंध, असं कुणीही विचारेल. तर ऐका. गिअरबॉक्स चढवणं हे एकट्यादुकट्याचं काम नाही, त्यातून चारही चाकांना जोर देणाऱ्या जुन्या ट्रकचा. त्याच्या गिअरबॉक्सच्या पाठीला आणखी एक डबा चिकटलेला असतो, पुढच्या चाकांना जोर देणारा. दोन्ही मिळून चांगलं धिप्पाड धूड होतं. ते जॅकवर घेऊन गाडीखाली न्यायचं, उचलायचं, आणि त्याचा पुढे आलेला दांडा इंजिनाला लावलेल्या क्लच प्लेटच्या भोकात घालायचा. दांड्याला दाते, भोकाला दाते. दात्यात दाता बसला तर ठीक, नाहीतर दोन बोटांची फट राहते आणि धूड जागचं हलत नाही. मग कुणीतरी समोर उभं राहून मोठ्या पान्यानं इंजिन कणभर फिरवावं लागतं. खालच्याचे दोन्ही हात धुडाला, तिसरा आणणार कुठून? तो तिसरा हात बाईंचा होता. लग्न होऊन आल्या तेव्हा पान्याचं तोंड कुठलं नि शेपूट कुठलं ते कळत नव्हतं त्यांना. गडी टिकेनात म्हणून एकदा गिअरवाल्यानं सहज हाक मारली, ती कायमचीच.

लेथच्या आवाजात ओरडून उपयोग नसायचा, म्हणून त्यांनी ठोके ठरवले होते. खालून चासीवर, गाडीच्या सांगाड्यावर, एक ठोका, म्हणजे फिरव. दोन ठोके, म्हणजे थांब. फिरवून झालं की बाई वरून एक ठोका द्यायच्या, म्हणजे कळलं. लेकीच्या लग्नावरून एकदा दोघांत असा काही अबोला झाला की आठवडाभर कुणी कुणाशी बोललं नाही. त्या आठवड्यात दोघांनी दोन गिअरबॉक्स चढवले! लेथवाला म्हणायचा, वहिनी, तुमचा संसार तारयंत्रावर चाललाय. बाई हसून म्हणायच्या, बरंय की, तोंड वाजण्यापेक्षा.

लाकूडवाल्याच्या ट्रकाचा दुसरा गिअर चढावर उडायचा आणि तिसरा रडायचा. डोंगरातून ओंडके भरून येणाऱ्या गाडीला हे परवडणारं नव्हतं. गिअरवाल्यानं भंगारातल्या तसल्याच एका ट्रकाचा गिअरबॉक्स पैदा केला, उघडला, तपासला, झाकला. बाई बाजूला बसून निघालेले बोल्ट डिझेलच्या तसराळ्यात ब्रशनं घासत होत्या. सतरा नंबरचा पाना त्यांनी न मागता पुढे केला, तेव्हा गिअरवाल्याचा ऊर भरून आला. बघ म्हणावं लेकीला.

मग तो चहा टाकायला आत गेला आणि परत येऊन बघतो तर बाईंनी नवी कोरी क्लच प्लेट तसराळ्यात बुडवून स्वच्छ घासून काढलेली. अहो, क्लच प्लेटला तेलाचं बोट लागलं तरी ती कामातून जाते, हे याच बाईंनी आजवर किती गड्यांना दरडावून सांगितलं होतं! आणि आता त्या ओली प्लेट दोन्ही हातांत धरून कौतुकाची वाट बघत होत्या.

"झाली बघा लख्ख," त्या म्हणाल्या.

"छान झाली," गिअरवाला म्हणाला. ती प्लेट त्यानं जुन्या टायरांच्या मागे दडवली आणि गुपचूप जाऊन दुसरी आणली. लेकीला यातलं काही कळायचं कारण नव्हतं.

रविवारी लेक सकाळीच आली. लेथ बंद होता, गल्ली चिडीचूप. ओरडूनही भागलं असतं, पण गिअरवाल्याला लेकीला ठोकेच ऐकवायचे होते. बाईंना त्यानं ट्रकाच्या तोंडाशी उभं केलं, पाना इंजिनाच्या पुढच्या बोल्टवर चढवून त्यांची बोटं त्यावर ठेवली. "एक ठोका?" त्यानं विचारलं.

"फिरव."

"दोन?"

"थांब. मला काय शिकवता? जा खाली."

गिअरवाल्यानं लेकीकडे असं पाहिलं, जसं काही पैज जिंकलीच. मग पाठीवर सरकत तो गाडीखाली गेला.

धूड उचललं, दांडा भोकात शिरला, पुढे सरकला आणि अपेक्षेप्रमाणे दोन बोटांवर अडला. त्यानं गुडघा जॅकला टेकवला, हातोडीचा दांडा चासीवर मारला. ठक्.

काही नाही.

ऐकू आलं नसेल. पुन्हा मारला. वरून कसलीशी खुडबुड आली, पण इंजिन हललं नाही. जॅक जुना, डावीकडे कलायला लागला. धुडाचा भार दंडावर आला, मग छातीवर. त्यानं तिसऱ्यांदा ठोका दिला, तो जरा जोरातच. "फिरव की गं," तो स्वतःशीच पुटपुटला. "एवढं एकदा. एवढं एकदाच फिरव, पुन्हा काही मागत नाही."

हाताशी एक लांब बोल्ट होता. तो घालून आवळला असता तर धूड आपोआप आत ओढलं गेलं असतं. हे अडाण्याचं काम, बोल्ट बसतो तो कान तुटतो गिअरबॉक्सचा. असं करणाऱ्या गड्याला गिअरवाल्यानं एकदा जागच्या जागी हाकललं होतं. आज त्याचाच हात त्या बोल्टाकडे गेला. तुटला कान तर तुटू दे, लेकीला काय कळतंय?

आणि इंजिन फिरलं. कणभरच. दात्यात दाता बसला, धूड सुर्रकन आत गेलं आणि तोंडाला तोंड भिडलं.

"आहाहा! वा गं माझ्या वाघिणी!" गिअरवाला खालून ओरडला. त्यानं भराभर चार बोल्ट धरवले. वरून कळल्याचा ठोका आला नव्हता, हे त्याच्या ध्यानात आलं होतं, पण त्या क्षणी त्याला ते ध्यानात घ्यायचं नव्हतं. "बघितलंस? काय म्हणालो होतो मी? हातात मुरलंय!"

बाहेर येऊन तो उठून बसला. पाना लेकीच्या हातात होता. कोपरापर्यंत काळी झाली होती ती. बाई पलीकडे उकिडव्या बसून तसराळ्यात ब्रश घासत होत्या. धुवायला काही उरलं नव्हतं, म्हणून स्वतःच्या बांगड्या धूत होत्या.

"आलात का?" त्या म्हणाल्या. "त्या ट्रकमधून ठक् ठक् आवाज येतोय बघा मघापासून. काहीतरी सुटलंय आत."

लेक म्हणाली, "जॅक कलला होता बाबा. तुमच्या छातीवर आलं असतं सगळं. मी काय करणार होते?"

"तुला ठोके कसे माहीत?"

"याच घरात वाढले ना मी." तिनं चिंधीनं हात पुसले. "टायरांमागची प्लेटही बघितली. बोलणार नव्हते."

गिअरवाल्यानं मान खाली घातली. त्याला रडू आलं होतं आणि ते लपवायला गाडीखाली परत जावं असं वाटत होतं. पण शब्द दिला होता. "तिला उजव्या कुशीवर झोप येते," तो म्हणाला. "भिंत त्या बाजूला असू दे. आणि रिकामी बसवू नकोस. काहीतरी घासायला देत जा."

दुपारी बाईंना लेकीच्या गाडीत बसवलं. फिरायला जायचंय म्हटल्यावर त्या आनंदानं बसल्या. गिअरवाल्यानं त्यांचा पदर दारात अडकत नाही ना ते पाहिलं, दार लावलं. लेकीनं गाडी चालू केली.

ब्र काढणार नाही म्हणाला होता, तो काढला नाही त्यानं. हात मात्र ऐकेना. गाडीच्या टपावर त्याच्या मुठीनं दोन ठोके पडले. ठक्, ठक्.

बाईंनी कान टवकारले. मग लेकीच्या हातावर हात ठेवून त्या काळजीनं म्हणाल्या, "गाडीतून आवाज येतोय गं. आमच्या ह्यांना दाखवून घे एकदा. ते बरोबर पकडतात."

काच अर्धी उघडी होती. ते "हे" काचेशीच उभे होते. बाईंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, अनोळखी माणसाकडे बघून हसावं तशा हसल्या, आणि गाडी गेली.

गिअरवाला आत आला. ट्रकचे चारच बोल्ट धरवले होते, बाकीचे घालायचे राहिले होते. तसराळ्यातून एकेक उचलून तो खाली गेला. सगळे लख्ख घासलेले होते.