पावणेचाळीस

घड्याळातलं पावणेचार मला लहानपणापासून कळतं. टेपवरचं पावणेचाळीस मात्र एका दुपारी मी चुकीचं लिहीत राहिलो, एकदा नव्हे, निदान तीस-चाळीस वेळा, आणि त्या चुकीचं खापर दुसऱ्याच माणसावर फुटू दिलं. सतरा वर्षं ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. बायकोलाही नाही. ज्यांच्यावर ते खापर फुटलं ते शौकतमास्तर, सुप्यातले टेलर. त्यांना जाऊन आता दीड महिना झाला.

बातमी आली तेव्हा मी कंपनीच्या गेटवर होतो. जेवणाच्या सुट्टीत तिथल्या टेबलावर पार्सलांचा ढीग पडतो. पूर्वी सणाला कपडे घ्यायचे म्हणजे नगरच्या कापडबाजारात जायचं, एरवीचे आठवड्याच्या बाजारातून. आता आमच्याकडचा हेल्परसुद्धा मोबाईलवर टी-शर्ट मागवतो आणि नाही बसला तर परत पाठवतो. माझंही पार्सल आलं होतं, दोन शर्ट. तेवढ्यात पोपटचा फोन आला. पोपट आमच्याच प्लँटमधला, जुना फिटर. म्हणाला, ‘‘दिनकरभाऊ, शौकतमास्तर गेलं. आज सांजच्याला, असरच्या नमाजनंतर माती हाय.’’ मी ‘येतो’ म्हणालो आणि पार्सल हातात धरून तसाच उभा राहिलो... मास्तरांच्या मातीला रेडिमेड शर्ट घालून कसं जायचं, हाच विचार पहिल्यांदा मनात आला. दुःख नंतर आलं. जे झालं ते सांगतोय.

मी सुप्यात आलो तेव्हा एकतिशीचा होतो. कंपनीच्या टाइम ऑफिसात, कामगारांची हजेरी ठेवायला, तात्पुरत्या नेमणुकीवर लागलो होतो, खोली स्टँडमागे. मास्तरांचा पत्र्याचा गाळा रस्त्यालाच होता. समोर शिलाई मशीन, मागे बायकोसाठी पडदा लावून केलेली जागा. भाभी तिथं बसून काजं-बटणं करायच्या. मी कापड घेऊन गेलो. मास्तरांनी टेप माझ्या खांद्यावर टाकली, मग मागे सरकून डोळे बारीक करून बघितलं.

‘‘डावा खांदा लई झोपलाय तुझा. पिशवी ह्याच खांद्याला आडकिवतो व्हय?’’

‘‘लहानपणापासून तसाच आहे,’’ मी जरा चिडूनच म्हणालो.

‘‘आसू दे. जगाला कशाला दाखवायचा?’’

शर्ट शिवून आला तो नीट बसला. डाव्या खांद्यात आतून त्यांनी कापडाची एक जादा पट्टी घातली होती. वरून काही कळत नव्हतं. पुढची तीन वर्षं माझा प्रत्येक शर्ट त्यांनी शिवला, प्रत्येकात ती पट्टी घातली आणि त्याबद्दल पुन्हा कधी अक्षर काढलं नाही. शिलाईच्या आत दोन बोटं कापडही सोडून ठेवायचे. म्हणायचे, ‘‘लगीन झालंय, आता तू सुटनार.’’

संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसायला जाऊ लागलो. गाळ्यात येणाऱ्या माणसांच्या आवडी ऐकणं ही एक करमणूक होती. म्हाताऱ्यांना नेहरू शर्टाला आतून खिसा हवा, तोही बायकोला सापडणार नाही असा. वाळूच्या ट्रकवाल्याला कॉलर ताठ हवी. एक पुढारी आले, म्हणाले, खिसा एवढा करा की दोन मोबाईल बसले पाहिजेत. मास्तर मान खाली घालून म्हणाले, ‘‘करतो की. पन दोन्ही येकदम वाजलं तर कोनता आदी उचलनार ते ठरवा, म्हंजी त्याला वरचा कप्पा करतो.’’ स्वतः मात्र कायम पांढरा पायजमा आणि फिकट निळा अर्ध्या बाहीचा शर्ट. दुसरा रंग मी त्यांच्या अंगावर पाहिला नाही. विचारलं तर म्हणाले, ‘‘दिवसभर लोकांची हौस बगतो. डोळ्याला आराम नको?’’

मग कंपनीने साठ कामगारांना गणवेश द्यायचं ठरवलं. मॅनेजरांना मीच मास्तरांचं नाव सुचवलं. त्या वेळी माझी कायम नेमणूक अडकली होती, आणि एखादं काम आपल्या अंगावर घेऊन पार पाडलं तर बरं, हा हिशेबही मनात होता. एका दुपारी कँटीनमध्ये मापं घ्यायचं ठरलं. मास्तर टेप घेऊन उभे, समोर रांग आणि बाकावर मी, मास्तरांची वही मांडीवर घेऊन. मास्तर अपूर्णांक जुन्या पद्धतीने लिहीत. आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. सुरुवातीला त्यांनी मला ते समजावलं आणि मी ‘कळलं, कळलं’ म्हणून मोकळा झालो.

रांगेत गोंधळ होता. पोपटचं पोट मोजताना मागून कुणीतरी ओरडलं, ‘‘मास्तर, टेप पुरंल का, का दोर आनू?’’ पोपट म्हणाला, ‘‘तुज्या कमरेला तर सुतळीबी ढिली हुईल!’’ मास्तर हसत होते आणि भराभर सांगत होते. छाती सव्वाअडतीस. मी अडतीस लिहून एक रेघ मारली. साडेअडतीस, दोन रेघा. पावणेचाळीस... मी चाळीस लिहिले आणि पुढे तीन रेघा मारल्या. हात त्याच ओघात चालला होता. पावणेचाळीस म्हणजे चाळीसला पाव कमी, एकोणचाळीस आणि पाऊण, हे कुणी थांबवून विचारलं असतं तर मी क्षणात सांगितलं असतं. पण कुणी विचारलं नाही आणि मीही थांबलो नाही. छाती, बाही, कंबर, जिथे जिथे ‘पावणे’ आलं तिथे मी एक इंच वाढवून ठेवला.

कपडे आले, वाटले गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वीस-पंचवीस माणसं टाइम ऑफिससमोर उभी, कुणी पँट हाताने वर धरून. कुणाच्या बाह्या मनगटाखाली लोंबत होत्या. सुरक्षेचं काम बघणाऱ्यांनी स्पष्ट सांगितलं की असे ढिले कपडे मशीनजवळ चालणार नाहीत. मॅनेजरांनी मला आत बोलावलं.

‘‘मापं कुणी घेतली?’’

‘‘मास्तरांनीच, सर. ते सांगतील तसं मी फक्त लिहिलं.’’

यातला एकही शब्द खोटा नव्हता. मी घरी जाऊन हे वाक्य कितीदा तरी तपासलं आहे. खरंच, एकही शब्द खोटा नव्हता. तोवर माझ्या लक्षात आलं होतं की सव्वा आणि साडेवाल्यांचे कपडे बरोबर बसलेत आणि बिघडलेत ते फक्त बाकीचे. ते मी बोललो नाही.

दुपारी मास्तर आले. काखेत कापडी पिशवी, तिच्यात वहीचा चौकोनी आकार दिसत होता. अक्षर माझं होतं. वही टेबलावर उघडली असती तर संपलंच होतं सगळं. मॅनेजर आवाज चढवून बोलत होते. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं, एकदा माझ्याकडे बघितलं, तोंडाकडे नव्हे, डाव्या खांद्याकडे, आणि म्हणाले, ‘‘साहेब, चूक माजी हाय. टेप जुनी झाली, तानली गेली आसंल. आठ दिवस द्या, सगळं आत घिऊन देतो.’’ जाताना मला म्हणाले, ‘‘येतो, साहेब.’’ गाळ्यावर मी दिनकर होतो. त्या दिवशी साहेब झालो.

ताणलेल्या टेपवर माप कमी भरतं, जास्त नाही. आणि मोजायला नि कापायला एकच टेप वापरली तर फरक पडतच नाही. हे मला बऱ्याच वर्षांनी, मुलीचं शिवणकामाचं पुस्तक चाळताना कळलं. मास्तरांना ते बोलतानाच माहीत असणार. त्या ऑफिसात दुसऱ्या कुणाला कळणार नव्हतं, इतकंच.

आठ दिवसांत त्यांनी कपडे दुरुस्त करून दिले. भाभी आणि ते, दोघंच राबत होते. पण नाव पडायचं ते पडलंच. ‘रबरी मास्तर.’ कँटीनमध्ये सुरू झालं, मग स्टँडवर, मग सुप्यात. गाळ्यासमोरून जाताना लोक हाका मारायचे, ‘‘मास्तर, टेप ताणू नका बरं!’’ मास्तर हात वर करून हसायचे. पुढच्या वर्षी गणवेश पुण्याहून तयार आले. लग्नाचे कपडे शिवायला येणारेही हळूहळू नगरला जाऊ लागले. रेडिमेडचा जमाना आलाच होता, त्यांचं काम तसंही कमी झालं असतं, असं मी स्वतःला सांगत आलो. असेलही. पण रबरी मास्तर हे नाव रेडिमेडने दिलेलं नव्हतं.

माझी नेमणूक दोन महिन्यांनी कायम झाली. मी गाळ्यावर जाणं सोडलं. माप द्यायचं म्हणजे माणसासमोर हात पसरून उभं राहावं लागतं, तो जवळ येतो, त्याचा श्वास ऐकू येतो. ते मला शक्य नव्हतं. म्हणून मी रेडिमेड घ्यायला लागलो. लोकांना वाटलं साहेब सुधारले. बायकोने मात्र पहिल्याच दिवाळीला विचारलं, ‘‘अहो, तुमचा हा खांदा असा वाकडा कधीपासून झाला?’’ शर्टातून तो तिला लग्नापासून दिसलाच नव्हता.

एकदा स्टँडवर मास्तर समोरच आले. टाळता आलं नाही. त्यांनी शर्टाचं कापड दोन बोटांत धरून बघितलं.

‘‘झ्याक हाय. कुटनं घेतला?’’

‘‘मेव्हण्याने दिला, पुण्याहून.’’

‘‘मेव्हन्याला सांग, डाव्या बाजूला येक पट्टी घाल म्हनावं.’’ आणि हसले. त्यात टोमणा होता का? मी पुष्कळ शोधला. मला सापडला नाही.

शेवटच्या काही वर्षांत त्यांच्याकडे एकच काम उरलं होतं. पार्सलने आलेले कपडे लोक त्यांच्याकडे घेऊन यायचे, कुणाची बाही कमी, कुणाची कंबर आत. सगळं सुपं जायचं. मी सोडून.

मातीला मी त्यांनी शिवलेला शेवटचा शर्ट घालून गेलो. ट्रंकेत तळाशी होता. पोटावर बसेना, तेव्हा बायकोने शिलाई उसवली. आत दोन बोटं कापड होतंच.

चाळिसाव्याला त्यांच्या घरी गेलो. भाभी होत्या, राहुरीहून मुलगी नसीम आली होती. जेवणं झाल्यावर मी भाभींना सगळं सांगितलं, आत्ता इथे लिहिलं तसं. त्या म्हणाल्या, ‘‘आमाला ठावं हाय, भाऊ. त्यांनी त्याच दिवशी सांगितलं हुतं.’’

‘‘मग कधी बोलला का नाहीत?’’

‘‘म्हनले, त्याची नोकरी पक्की व्हायचीय, दोन म्हैने थांब. मग यील त्यो आपनहून. मग तुमीच येईनासं झालात.’’

नसीमने वही आणली. कडेला तेलाचे डाग, पानं पिवळी पडलेली. माझ्या अक्षरातली ती पानं मी ओळखली. चाळीस आणि तीन रेघा, चौतीस आणि तीन रेघा... प्रत्येकाखाली पेन्सिलीने बारीक आकडा होता, एकोणचाळीस, तेहतीस. एकही सुटलं नव्हतं. त्यानंतरच्या पानांवर मास्तरांनी रेघा मारणंच सोडलं होतं. प्रत्येक अपूर्णांक अक्षरांत लिहिला होता, ‘एकोनचाळीस आनि पाऊन’.

‘‘तुमचंही पान आहे, काका,’’ नसीम म्हणाली.

वर माझं नाव, पहिलं माप, डाव्या खांद्याची पट्टी. खाली तीन वर्षांची मापं, माझ्यासमोर घेतलेली. त्याखाली आणखी चार ओळी होत्या, तीन-चार वर्षांच्या अंतराने लिहिलेल्या, आणि प्रत्येक ओळीपुढे एकच शब्द होता, ‘नजरेनं’. छाती वाढलेली, पोट वाढलेलं. शेवटच्या ओळीत कंबर होती, सदतीस आनि पाऊन. घरी येऊन मी बायकोला टेप लावायला सांगितली. पाव इंचाचा फरक निघाला. मी रस्त्याच्या पलीकडून मान खाली घालून जायचो तेव्हा ते माझं माप घेत होते.

निघताना भाभींची माफी मागितली. त्या ताट उचलत म्हणाल्या, ‘‘माज्याकडं मागून काय उपेग? मी कुटं हासले हुते?’’

त्यांचं बरोबर आहे. हसले होते ते गणवेशवाले, सांगायला हवं ते त्यांना. वही त्यांच्याकडेच आहे, मी मागितली नाही. त्या साठांपैकी बरेच जण कुठे कुठे गेले, काही वारले. पत्ता लागतो असे अकरा आहेत. पहिल्यांदा पोपटला सांगितलं. तो म्हणाला, ‘‘आन् आपन बिचाऱ्याला कायबाय म्हनलो, च्यायला...’’ आणि उठून गेला. गेल्या रविवारी नेवाशाला जाऊन आणखी एकाला सांगून आलो.

नऊ जणांना सांगायचं राहिलं आहे.