एक डबा, एक उत्तर

काष्टीत कुणाच्या घरात काय शिजतंय हे कळायला चुलीपाशी जावं लागत नसे. रंगुबाईच्या गिरणीपाशी गेलं की झालं. कोण रेशनचा गहू आणून वर 'शरबती हाय' म्हणून सांगतो, कुणाची सून माहेराहून परत आल्यापासून डबा मोठा झालाय, सगळं तिच्या हातावरून जायचं. पण बाईच्या पोटात गोष्ट राहायची. म्हणून तर गावानं तिच्या हातात खडू दिला. दिला असं गाव म्हणतं. खरं तर तो तिनंच घेतला.

झालं असं, की वीज कधी येणार न् कधी जाणार याचा पत्ता नसायचा. येईल त्याला तेच तेच सांगून घसा बसला, तेव्हा रंगुबाईनं गिरणीच्या बाहेरच्या भिंतीला काळा रंग फासून फळा केला आणि लिहिलं, 'दुपारी लाईट नाही. दळण संध्याकाळी.' दुसऱ्या दिवशी खाली कुणीतरी लिहिलं, 'मग स्वयंपाक कधी?' त्याखाली तिसऱ्यानं लिहिलं, 'जसा काही तूच करतोस!' आणि काष्टीच्या भिंतीला तोंड फुटलं.

एसटी वेशीत का थांबत नाही, क्रिकेटच्या टीममध्ये कोण हवा, पाण्याच्या टाकीवर झाकण का नाही, सगळा तंटा फळ्यावर. रंगुबाईला तर हे असं काही मानवलं की विचारू नका. नवरा वारल्यापासून गिरणीच्या घरघरीत एकटी बसणारी बाई आता सकाळी उठून आधी फळा बघायची, मग चहा. पण तिनं कायदेही केले. खाली नाव लिहायचं, बिननावाचं पुसलं जाईल. बाईमाणसाचं आणि मेलेल्यांचं नाव काढायचं नाही. शिवी आली की पिठाचं फडकं फिरणार, मग लिहिणारा सरपंच असो की सरपंचाचा मेहुणा. आणि सगळ्यांत मोठा कायदा: एक डबा, एक उत्तर. तुमचा दळणाचा डबा रांगेत लागला, नंबर आला, की खडू मिळणार. पुन्हा बोलायचंय? पुन्हा डबा आणा. तोवर डोकं थंड होतं, हा त्यातला हिशेब. आणि तो चाललाही. गणपती दूध पिईपर्यंत.

पंच्याण्णव सालचा सप्टेंबर. गुरुवारी सकाळीच एसटीडी बूथवर मुंबईहून फोन आला की देव दूध पितोय. अर्ध्या तासात गाव वाटी-चमचा घेऊन देवळात. म्हातारी माणसं पळत होती, ज्यांना उठवायला दोघं लागतात तीसुद्धा! कारभारी, तालमीतला जुना गडी, रांगेत सगळ्यांच्या पुढं. चमचा सोंडेला लावला आणि दूध कमी झालं. कारभाऱ्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

आणि त्याच वेळी दूध डेअरीत कानिफनाथ सेक्रेटरी मोकळ्या कॅनांकडं बघत बसलेला.

शुक्रवारी सकाळी कानिफनाथानं डबा लावला, नंबर येताच खडू घेतला आणि लिहिलं, 'काल डेअरीत दूध निम्म्याहून कमी. देव प्याला की पायऱ्यांवरून गटारीत गेलं, हे ज्यानं त्यानं वाकून बघावं. – कानिफनाथ.'

गिरणीपुढं अशी गर्दी उसळली की पट्ट्याचा आवाज ऐकू येईना. कारभारी घरून बाजरीचा डबा खांद्यावर टाकून धावतच आला.

"वहिनी, खडू!"

"नंबर येऊ द्या भावजी."

"देवाच्या कामाला बी नंबर?"

"देवानंच रांग लावली हुती काल. तुमीच पुढं हुता न्हवं?"

नंबर आल्यावर कारभाऱ्यानं खडू मोडेस्तोवर दाबून लिहिलं, 'मी माझ्या हातानं पाजलं. ज्यांचा जन्म दुधातलं पाणी मोजण्यात गेला त्यांना देव कसा दिसणार? – कारभारी.' पुढं एक शब्द होता, तो रंगुबाईनं फडक्यानं टिपला. कोणता, ते काष्टीत सगळ्यांना माहीत आहे, पण इथं नको.

आता हे दोघं काही वैरी नव्हेत. बांधाला बांध, दोघांत पेरायची एकच पाभर. पेरणीला एकमेकांची बैलं जुंपायची, हे दरसालचं. पण त्या दिवसापासून वाट बदलून चालायला लागले. आणि डबे! कानिफनाथाचा सकाळी, कारभाऱ्याचा दुपारी, कानिफनाथाचा पुन्हा संध्याकाळी. आजूबाजूच्या वस्त्यांवरून माणसं सायकलवर फळा वाचायला यायची. चहावाल्यानं बाक वाढवला. रंगुबाईच्या केसांत पीठ, हातात फडकं आणि डोळ्यांत अशी चमक, जशी काही नवरात्राची जत्रा तिच्याच दारात भरलीय.

पण बाजरीच्या पिठाला वादातलं काय कळतं? चार दिवस झाले की ते कडू व्हायला लागतं.

एका सकाळी छबूबाई, कारभाऱ्याची बायको, गिरणीच्या दारात उभी राहिली. रांगेतले सगळे गप्प झाले, कारण छबूबाई बोलायला लागली की गिरणी बंद ठेवली तरी चालते.

"रंगुबाई, घरात पिठाचे डबे उतरंडीवानी लागल्यात. ठेवाया भांडं न्हाई. कडू भाकरी खाऊन आमची तोंडं वाकडी झाली. तिकडं कानिफनाथाची गीताबाई बी हेच रडतीय."

"मी काय करू गं छबू? रांगच तशी हाय."

"रांग कुणाची? तुझीच. फळा तुझा, खडू तुझा, गिरणी बी तुझीच. भांडान पेटलं की पट्टा फिरतो. गावात काय बोलत्यात ठाव हाय का? रंगुबाई भांडनं दळती!"

हे वाक्य रंगुबाईच्या काळजात खड्यासारखं जाऊन बसलं. दळणातला खडा निवडता येतो. हा कसा निवडायचा? कारण खोटं काय होतं त्यात? डोकी थंड व्हावीत म्हणून केलेल्या कायद्यानं तिचीच गिरणी गरम झाली होती. आणि ज्या बाईच्या शब्दाखातर अख्खं गाव पुसलेला शब्द पुन्हा काढत नव्हतं, तिच्या शब्दालाच आता किंमत उरणार नव्हती.

त्यात ग्रामपंचायतीतल्या रंभाजी मेंबरानं तेल ओतलं. पाण्याची टाकी त्याच्याकडं, आणि तिला झाकण नाही हे फळ्यावर दोनदा आलं होतं, त्याची आग वेगळीच. तो चारचौघांत म्हणाला, "बाजारच्या दिवसापोत्तर हे मिटलं न्हाई, तर पेंटर घिऊन येतो. भिंत ग्रामपंचायतीच्या रस्त्यावर हाय. फळा पुसून तिथं शेंगपेंडीची जाहिरात काढू. जनावरांचं तरी पोट भरंल."

रंगुबाईनं खूप डोकं चालवलं. सगळं पुसावं, तर शेवटचं उत्तर कानिफनाथाचं. कारभारी म्हणणार, बाई डेअरीला फितूर. कारभाऱ्याला एक उत्तर जास्त द्यावं, तर कायदा मोडला. दोघांना बंदी घालावी, तर मेंबर म्हणणार, बघा, फळ्याचा उपयोग काय! 

बाजारचा दिवस उजाडला. रस्त्यावर बैल, शेळ्या, टेम्पो, आणि गिरणीपुढं जत्रा. रंभाजी पेंटरला घेऊन हजर. पेंटरच्या हातात पिवळ्या रंगाचा डबा. रांगेत पुढं कारभारी, मागं कानिफनाथ, दोघांची तोंडं दोन दिशांना.

"दळा वहिनी बिगीबिगी," कारभारी म्हणाला. "आज असं उत्तर देतो की डेअरीचं कुलूपच निघायचं न्हाई!"

रंगुबाईनं डब्याचं झाकण काढलं. ज्वारी. गिरणीच्या तोंडाशी ओतायला डबा उचलला, नेहमीसारखा हात घातला आणि थांबली. बोटं काळी. दाण्याला राख.

तिनं खटका खाली ओढला. पट्टा फडफडला, मंदावला, थांबला. इतकी शांतता पडली की बाजारातल्या शेळ्या ऐकू आल्या.

"भावजी, हे काय आनलंय?"

"जवारी. दुसरं काय? घरात दाना उरला न्हवता, माळ्यावरचा डबा हाताला लागला तो आनला."

"राखंतली जवारी हाय ही. बियानं हाय! आठ दिसांत पेरनी, न् तुमी बी दळाया आनलंय?"

कारभाऱ्यानं डब्यात बघितलं. त्याचा तालमीतला चेहरा एकदम लहान झाला. मागून कानिफनाथ पुढं आला, मूठभर दाणे उचलून तळहातावर फुंकले. मालदांडी ज्वारी. मागच्या सुगीत दोघांनी मिळून निवडलेली.

"काय येडा का खुळा तू!" कानिफनाथ ओरडला. इतक्या दिवसांनी तोंडानं बोललेलं पहिलं वाक्य.

रंगुबाई बाहेर आली, फळ्यापुढं उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "छबू म्हनली ते खरं हाय. चूक माझ्या कायद्याची. आजपास्नं खडूचा न् दळनाचा संबंध तुटला. ज्याला उत्तर द्यायचंय, त्यानं आधी समोरच्याचा डबा उचलून त्याच्या घरी पोचवायचा. मग यायचं न् काय लिहायचं ते लिहायचं. शिवी सोडून."

"हा कसला कायदा?" रंभाजी म्हणाला.

"मेंबर, तुमाला टाकीबद्दल उत्तर द्यायचं असंल तर तुमाला बी लागू हाय."

गर्दी हसली. कुणीतरी मागून ओरडलं, "नाथा, उचल की! का उत्तर सुचंना?" कुलुपाच्या धमकीवर कानिफनाथाचं उत्तर तर ओठांवर आलेलं, ते पोटात ठेवायचं म्हणजे त्याचा जीव जायचा. त्यानं धोतराचा काचा मारला, बियाण्याचा डबा खांद्यावर घेतला आणि कारभाऱ्याच्या घराकडं चालू पडला. मागं अर्धा बाजार.

रंगुबाई मात्र गिरणीच्या उंबऱ्यावर. पेंटर ब्रश बुडवून वाट बघतोय, रंभाजी घड्याळ बघतोय, आणि ती फडकं पिळतेय, कोरडंच. रस्त्याच्या वळणाकडं तिची मान अशी लागली होती की बगळ्यानं शिकावं.

कानिफनाथ आला तो मंद चालीनं. मिशीला पांढरी साय. मागून छबूबाईचा आवाज आधी पोचला, "वाटी पुसून खाल्ली हो! कडू भाकरी कुस्करून दिली, तरी हूं का चूं केलं न्हाई. दूध तेवढं दोनदा मागून घेतलं!"

कानिफनाथानं हात पुढं केला. रंगुबाईनं खडू दिला. तो फळ्यापुढं गेला, ठरवून आणलेलं उत्तर बहुतेक गिळलं, आणि लिहिलं:

'कारभाऱ्याच्या घरचं दूध मी प्यालो. याला शंभर साक्षीदार. गणपतीचं अजून ठरायचंय. – कानिफनाथ.'

असा हशा उठला की बाजारातला एक बैल दावं तोडून पळाला. पेंटरनं विचारलं, "मेंबर, शेंगपेंड कुठं रंगवू?" रंभाजी मान उंच करून फळा वाचत होता. "सर रे तिकडं," तो म्हणाला, "दिसू दे की!"

कारभाऱ्यानं एकदा वाचलं, दोनदा वाचलं. मिशीला पीळ दिला.

"वहिनी, ह्या नाथाचा डबा कंचा?"

रंगुबाईनं रांगेतल्या डब्याकडं बोट केलं आणि खटका वर केला. पट्टा फिरायला लागला. त्या घरघरीतूनही ऐकू येईल अशा आवाजात कारभारी कानिफनाथाच्या घराच्या दिशेनं ओरडला, "गीताबाई, दूध तापवून ठिवा, पाव्हना येतोय!"