मामांचं क्रियापद

माझ्या बायकोचे मामा एका शब्दावर जितके चिडले, तितकं कोणी अख्ख्या महानगरपालिकेवरही चिडलं नसेल. शब्द इंग्रजी, आणि अगदी रोजचा: मॅनेज. मुलुंड पूर्वेला आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ते आणि मामी राहायचे. जिन्यात कोणी सहज जरी म्हणालं, "आज बाई आली नाही गं, करतेय कसंबसं मॅनेज," की दुसऱ्या मजल्याचं दार उघडायचं आणि बनियनवर मामा बाहेर यायचे. "मॅनेज म्हणजे नक्की काय करताय? भांडी घासताय, की नुसती विसळून पालथी घालताय? जे करताय ते क्रियापद वापरा!" बोलणारी बिचारी दोन मजले धापा टाकत चढून जायची, पण लिफ्टसाठी तिथे थांबायची नाही.

याचं मूळ त्यांच्या नोकरीत होतं. अंधेरीच्या एका औषध कारखान्यात उभं आयुष्य त्यांनी एकच काम केलं. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला, मुंगीएवढ्या अक्षरांचा जो कागद आपण न वाचता फेकतो, तो ते छापण्याआधी वाचायचे. 'जेवणाआधी'च्या जागी 'जेवणानंतर' पडलं तर कुठे तरी एक माणूस जाईल, या धास्तीत त्यांचे डोळे गेले. भिंग लावल्याशिवाय त्यांना भाजीतली मिरची दिसायची नाही, पण चुकीचा शब्द मात्र बंद दारातून ऐकू यायचा. त्यातून निवृत्तीनंतर जाडजूड इंग्रजी कोश हाताशी. मुलीच्या पहिल्याच कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलाची आई गोड आवाजात म्हणाली, "आमची काही अट नाही हो, फक्त नोकरी आणि घर दोन्ही तिला मॅनेज करता आलं पाहिजे." मामांनी बशी खाली ठेवली. "लॅटिनमध्ये मानुस म्हणजे हात. त्यावरून इटलीत घोड्याला हाताखाली घेऊन शिकवायचा जो शब्द निघाला, तो हा. पुढे त्याला फ्रेंचांचा घरसंसाराचा शब्द येऊन चिकटला. तेव्हा तुमच्या घरात घोडा कोण आहे, तेवढं आधी सांगा." मंडळी चहासुद्धा न घेता गेली. मुलगी आठवडाभर बापाशी बोलली नाही. नंतर तिने स्वतःच बोरिवलीचा एक मुलगा ठरवला आणि घरी आणण्याआधी कोणता शब्द उच्चारायचा नाही, हे त्याच्याकडून पाठ करून घेतलं.

इथपर्यंत सगळी गंमत होती. पण मला आज त्या गमतीबद्दल लिहायचं नाही. मी तेव्हा सोसायटीच्या कमिटीवर होतो. पुढे ज्या लोकांवर मी राग काढणार आहे त्यांत पहिला मीच आहे, हे आधीच सांगून टाकतो.

वार्षिक सभा खाली पार्किंगमध्ये भरली होती. सेक्रेटरी उठले आणि अभिमानाने म्हणाले, "आगीच्या पाइपांचं सर्टिफिकेट आलेलं आहे. तपासणीची कटकट नाही, काही नाही. एजन्सीवाल्याला आपण मॅनेज केलं." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, त्या कागदाखाली माझी सही होती. मागच्या रांगेतून मामा उभे राहिले. "हाताचा शब्द आहे हा! तुमच्यापैकी एकाने तरी त्या पाइपाला हात लावलाय? तुम्ही त्या माणसाचे हात ओले केलेत. हात ओले आणि पाइप कोरडा!"

"मामा, बसा ना, कशाला लोड घेताय," कोणी तरी म्हणालं आणि सगळे हसले. हसणाऱ्यांत मी होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी वॉचमनला मदतीला घेतलं आणि जिन्यातल्या पाइपाची चावी फिरवली. आतून फुस्स असा आवाज आला, मग मूठभर लाल गंज पडला आणि एक वाळलेली पाल. पाण्याचा थेंब नाही. ती पाल वर्तमानपत्रावर घेऊन मामा सात मजल्यांवर प्रत्येक दाराची घंटा वाजवत फिरले. लोकांनी नाक मुरडून दारं लावली. आमच्या दारात आले तेव्हा त्यांना चांगलाच दम लागला होता. मी म्हणालो, "मामा, बीपी वाढेल तुमचं. बघू या आपण."

"जावईबापू," ते म्हणाले, "तुमची मुलगी इथे सातव्या मजल्यावर झोपते."

यावर मी काय केलं? पुन्हा म्हणालो, "बघू या."

मामांनी मग रीतसर लेखी तक्रार केली. अधिकारी आले, नोटीस लागली, पंप बदलला, सगळे पाइप नवे टाकले आणि शेवटी प्रत्येक मजल्यावर पाणी धो धो आलं. आग मात्र आजपर्यंत लागली नाही, त्यामुळे कोणाला काही पटलंही नाही. इमारतीने त्यांना माफ केलं नाही. आणि शिक्षा कोणाला केली? मामीला! जी आयुष्यात कोणाला एक शब्द उलटून बोलली नव्हती. हळदीकुंकवाला दुसऱ्या मजल्यावर फक्त मामीचं दार वगळून आमंत्रणं गेली. गणपतीत तिने केलेल्या खिरापतीचा डबा तसाच भरलेला परत आला. शिकलेली, बँकांत आणि शाळांत कामं करणारी ही माणसं; एका म्हातारीकडे बघून लिफ्टचं दार बंद करायची. आठवलं की अजून माझं डोकं तापतं. त्या वेळी मात्र ते थंडच होतं.

मामी एका दुपारी एवढंच म्हणाली, "अहो, सकाळपासून मी एका माणसाशी बोलले नाही. तुम्ही सोडून." ज्या माणसाने एका शब्दापायी सात मजल्यांशी वैर घेतलं, त्याने महिन्याभरात जागा भाड्याने दिली आणि बायकोला घेऊन मुलीजवळ बोरिवलीला बिऱ्हाड केलं. जाताना फक्त म्हणाले, "तिला माणसं लागतात हो."

गेल्या महिन्यात मी भेटायला गेलो. मामी खूश आहे, तिचं भजनी मंडळ आहे, दारात चपलांची गर्दी असते. मामा खिडकीजवळ बसले होते. त्यांच्यासमोर त्यांचा जावई फोनवर तो शब्द चार वेळा म्हणाला. पाचव्यांदा मीच म्हणालो, मुद्दाम. मामांनी हसून माझ्याकडे बिस्किटांची बशी सरकवली. माफी मागायची म्हणून मी गेलो होतो, पण त्या हसण्यापुढे नुसतं एक बिस्कीट उचललं.

निघताना मामी लिफ्टपर्यंत सोडायला आली. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाली, "जावईबापू, हे आता अजिबात चिडत नाहीत. परवा मी मुद्दाम आमटीत मीठ जास्त घातलं. निमूट जेवले हो. म्हणाले, छान झालीय."

लिफ्ट आली तरी ती माझा हात धरून तशीच उभी होती.