शिरप, ताकदीच्या गोळ्या आणि कोरा पट्टा

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी मी रसायनशास्त्रात नापास झालो. नव्वदीच्या दशकाची सुरुवात होती. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे नापास झालेल्या पोराचं काय करायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"डोस्कं शिणलंय त्याचं," असं म्हणून आईने टेंभुर्णीच्या बाजारातून ब्राह्मीचं शिरप आणलं.

"डोस्कं बराबर हाय. अंगात जोर न्हाई," म्हणत वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, ताकदीच्या गोळ्या आणल्या.

मी अण्णांना मनापासून समजावलं, की ऊर्जा पेशींत तयार होते, प्रत्येक पेशीत जणू इंजिनच असतं.

"मंग डिझेल कमी पडून राह्यलं," अण्णा म्हणाले. "औंदा पेपर निघला तर ठीक, न्हाईतर औत धर."

औताची मला धास्ती होती. बैलही मला ओळखून होते.

कोणतं औषध चांगलं, ते शास्त्रीय पद्धतीने ठरवायचं मी मनावर घेतलं. पद्धत अण्णांचीच. नवी खतं आली की ते शेताच्या एका पट्ट्यात हे, दुसऱ्यात ते घालत आणि तिसरा पट्टा कोरा ठेवत. बियाणं मात्र तिन्हीकडे एकच. म्हणून मी एक आठवडा शिरप, एक आठवडा गोळ्या आणि एक आठवडा काहीच नाही, असं ठरवलं. बियाणं म्हणून बेंझीनचा धडा घेतला. रोज संध्याकाळी तो पाठ म्हणायचा आणि चुका मोजायच्या.

शिरपाच्या आठवड्यात चिक्कार चुका झाल्या. गोळ्यांच्या आठवड्यात कमी. कोऱ्या आठवड्यात एकही नाही! दोन्ही औषधं कुचकामी आहेत हे सिद्ध केल्याच्या आनंदात मी परीक्षेला जालन्याला गेलो. एकच धडा तीन आठवडे घोकला तर कुणालाही येतो, हे मला पेपर हातात पडल्यावर सुचलं. बेंझीनवर एकच प्रश्न होता, तोही किरकोळ.

पुन्हा नापास. मी मान खाली घालून अंगणात उभा राहिलो.

"तुमच्या गोळ्यांनी उष्णता झाली पोराला," आई अण्णांना म्हणाली.

"तुझ्या शिरपानं झोप यायली त्याला. निस्त्या गोळ्या देऊन बघ."

"निस्तं शिरप देऊन बघू की मंग!"

औताचं नावही निघालं नाही. दोघांनाही आपापलं खरं करायचं होतं, म्हणून मला आणखी एक खेप मिळाली.

"दोन्ही घेतो," मी हळूच म्हणालो आणि त्या संध्याकाळी बेंझीनच्या पुढचा धडा उघडला.