अण्णांची बरोबर उत्तरं

माझ्या पुरस्काराच्या मानपत्रात लिहिलंय, की मी ‘शेतकऱ्यांना बोलू दिलं’. वाचून मला हसू येतं. सत्तरच्या दशकात लासलगावात आम्ही त्यांना अजिबात बोलू दिलं नव्हतं. आम्ही म्हणजे मुख्यतः माझ्या वडिलांनी, अण्णांनी.

पीएच.डी.साठी मला शोधायचं होतं, शेतकरी कांदा नेमका कधी विकतो. आमच्या सरांचं ठाम मत होतं, भाव चढल्यावर. कांद्याच्या बाजारात मुलगी एकटी वही घेऊन फिरणार म्हटल्यावर अण्णा सोबत आले. ते नुकतेच प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले होते, हात शिवशिवत होते. मुलाखतींचे निम्मे फॉर्म त्यांनीच भरले. लिलावाला आलेल्यांत त्यांचे जुने विद्यार्थी पुष्कळ.

माझ्या फॉर्मांवर काहीच्या बाही उत्तरं. अण्णांच्या एकूण एक फॉर्मावर ‘भाव चढल्यावर’. सर इतके खूश, की मला म्हणाले, “मुलाखत कशी घ्यायची ते वडिलांकडून शिका.”

पुढच्याच आठवड्यात अण्णांच्या फॉर्मावरचे एक मिशीवाले गृहस्थ ट्रॉलीजवळ भेटले. सहज विचारलं, आज कसे आलात?

“चुलत्याचा ट्रॅक्टर मोकळा झाला, भरला कांदा न् आलो.”

“पण फॉर्मात तर भाव चढल्यावर लिहिलंय.”

“आधी खरंच सांगितलं व्हतं, ताई. गुरुजी म्हनले, चूक. नीट इचार करून परत सांग. आता गुरुजींम्होरं काय बोलनार?”

प्रबंध त्याच फॉर्मांवर उभा होता. ते फेकायचे तर वर्ष वाया, शिवाय अण्णांना सांगायचं कोणी? शेवटी सांगितलं.

“मग चुकीचं उत्तर तसंच लिहून घेऊ?” अण्णा कडाडले.

“हो.”

दोन दिवस ते बाजाराकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी छत्री घेऊन दारात हजर. त्या हंगामात ते पोत्यावर बसून राहिले. कुणी उत्तर द्यायला लागलं, की स्वतःच्या तोंडावर हात ठेवत. मला त्यांची दयाही यायची आणि हसूही.

ट्रॅक्टर, घरातली अपुरी जागा, लेकीचं लग्न अशा सगळ्या ‘चुकीच्या’ उत्तरांचाच प्रबंध झाला आणि पुढे त्यालाच पुरस्कार मिळाला. नाशकातल्या समारंभानंतर अण्णा हळूच म्हणाले, “माझी उत्तरं बरोबरच होती. शेतकऱ्यांना ती परवडत नव्हती, एवढंच.”

अख्ख्या प्रबंधात मला हे इतकं सरळ लिहिता आलं नव्हतं.