कूलरजवळचा मोडेम

मनीषनगरच्या आमच्या फ्लॅटवर तो तीनदा आला आणि तिन्ही वेळा मी वैतागले. बिनतारी इंटरनेटच्या कंपनीचा माणूस. मोडेमचे सगळे दिवे लागलेले असायचे, तरी ऑनलाइन शिकवणीत मुलांना माझा आवाज तुटक जायचा. दोघांनी क्लासही सोडला होता.

बोलण्याआधी तो पेन कानामागे खोचायचा आणि घसा खाकरायचा. तेवढ्यात माझी तक्रार पुन्हा सुरू व्हायची. तो मोडेमशेजारी खिडकीत बसवलेल्या कूलरकडे बोट दाखवायचा. "कूलर हलणार नाही," मी बजावायचे. नागपूरचा मे महिना होता.

तिसऱ्या खेपेला बोलता बोलता मला ठसका लागला. मी पाणी प्यायला थांबले, तेव्हा कुठे त्याला संधी मिळाली.

"ताई, टावरचा एकच सिग्नल इथं तीनदा येऊन राहिला. एक सरळ, एक समोरच्या बिल्डिंगवर आपटून, एक कूलरच्या पत्र्यावर आपटून. मोडेम त्यातला खरा निवडते. पण पत्रा असा कानाशीच असला, तर ते तरी काय करन?"

त्याने मोडेम उचलून स्वयंपाकघराच्या खिडकीत, मिठाच्या बरणीशेजारी ठेवला. मी एका विद्यार्थिनीला व्हिडिओ कॉल लावला. आवाज सलग गेला.

"मग हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं?" मी चिडून विचारलं.

"सांगूनच राहिलो होतो, ताई."

यावर काहीतरी बोलायला मी तोंड उघडलं. तो सवयीने मान तिरकी करून ऐकत उभा राहिला.