ऐंशी किलोच्या वरचा गट

राजकन्या बिरादार पहिल्यांदा आमच्या टेबलापाशी आल्या तेव्हा मला वाटलं, मुलीचं नाव द्यायला आल्यात. मी त्यांना मुलीचं वय विचारलं. त्या म्हणाल्या, नाव माझंच लिहा, वय एक्कावन्न.

ही गोष्ट दोन हजार तेवीसच्या जानेवारीतली. लातूरला आम्ही हौशी सायकलवाले दरवर्षी एक शर्यत घेतो. नांदेड रस्त्यानं चाकूरच्या दिशेला वीस किलोमीटर जायचं आणि परत यायचं. मी कॉलेजात ग्रंथपाल. वह्या नीट ठेवतो म्हणून नावनोंदणीचं आणि वेळ टिपायचं काम कायम माझ्याकडे. पुरुषांचे आम्ही वयाप्रमाणे तीन गट केले होते: पस्तिशीपर्यंत, पस्तीस ते पन्नास आणि पन्नाशीच्या पुढचे. बायकांचा मात्र एकच, खुला गट. बायका येतातच किती, असा आमचा हिशेब. तेव्हा मी राजकन्याबाईंना त्याच गटात टाकलं. त्यांच्या पुढचं नाव एकोणीस वर्षांच्या एका मुलीचं होतं. ती राज्य पातळीवर खेळून आलेली होती.

राजकन्याबाई चाकूर तालुक्यातल्या एका गावच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स. गावात सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. नोकरीच्या सुरुवातीला त्या सायकलनंच गावं फिरायच्या, मग स्कुटी आली, आणि पुढच्या वीस वर्षांत वजन अठ्ठ्याऐंशी किलोवर गेलं. रक्तात साखर निघाली, गुडघे दुखायला लागले. दुसऱ्यांना रोज पथ्य सांगणाऱ्या बाईला स्वतःचे रिपोर्ट बघून लाज वाटली. मुलगी ऋतुजा नांदेडला शिकायला गेली होती, तिची गिअरची सायकल घरी धूळ खात पडलेली. सिस्टरांनी ती पुसून काढली आणि अकरा किलोमीटरवरच्या उपकेंद्रात सायकलनं जायला लागल्या. स्कुटी विकली का, असं गावानं महिनाभर विचारलं. मग विचारायचं सोडलं.

त्या पहिल्या शर्यतीत जिंकणारी मुलगी सव्वा तासात परत आली. बक्षिसं वाटून झाली, मंडपवाल्यानं खुर्च्या उचलायला घेतल्या, तेव्हा सिस्टर आल्या. दोन तास अठ्ठावीस मिनिटं. सायकल भिंतीला टेकवून त्या माझ्याकडे आल्या आणि नंबर विचारला. सतरावा, मी सांगितलं. कितीतून, त्यांनी विचारलं. मला सांगायला जड गेलं, पण सांगितलं, सतरातून.

त्या पाणी पिऊन दहा मिनिटं टेकल्या आणि मग त्यांनी पन्नाशीपुढच्या पुरुषांचा कागद मागितला. अकरा नावं होती. त्यांनी बोट ठेवत खालपर्यंत वाचलं. शेवटचे दोघे त्यांच्या मागून आले होते, एक तीन मिनिटांनी, दुसरा सात. दोघेही मला माहीत होते. अंगानं सडपातळ माणसं, सत्तर किलोच्या आतली.

“सर, माझ्या वयाच्या दोन गड्यांना मी मागं टाकलं,” त्या म्हणाल्या, “आन तुमच्या वहीत मी शेवटची. बारीक पोरींसंगं तोलून राहिलात तुम्ही मला.”

आवाजात राग नव्हता. एखाद्या पोराचा लसीचा डोस राहिलाय हे सांगावं, तसं त्यांनी सांगितलं. मी वही मिटली. त्या दिवशी घरी जाताना मात्र तेच वाक्य डोक्यात होतं.

महिनाभरानं त्या आमच्या बैठकीला आल्या. सोबत फुलस्केपवर लिहिलेला अर्ज. बायकांसाठी पंचेचाळीस वर्षांवरचा एक गट करा, आणि ऐंशी किलोच्या वर वजन असणाऱ्यांचा एक. वयाचं सगळ्यांना पटलं. वजनाचं ऐकून दोघंतिघं हसले. सायकल म्हणजे काय कुस्ती हाय का, असं एकानं विचारलं. सिस्टर म्हणाल्या, कुस्तीत समोरचा गडी उचलायचा असतो म्हणून वजन बघता, चढावर आपण आपल्यालाच उचलत असतो. त्यावर तो म्हणाला, पण उतारावर जाड माणसाला फायदाच होतो. त्यांनी ते कबूल केलं. उतार संपला की पुढे चढ असतोच, एवढंच बोलल्या.

मंडळाचा अध्यक्ष महांतेश, उदगीरकडचा, सायकलींचं दुकान चालवतो. माणूस मनाचा चांगला, पण नवीन काही करायचं म्हटलं की नियम काढतो. त्यानं सांगितलं, पुढच्या शर्यतीला एकच गट वाढवता येईल, वय नाहीतर वजन. आणि गटाला किमान तीन नोंदण्या पाहिजेत, वजन शर्यतीच्या सकाळी काट्यावर होईल. स्वतःचं वजन चारचौघांत करून घ्यायला तीन बायका काही येणार नाहीत, असं त्यानं मला नंतर खासगीत सांगितलं.

सिस्टरांनी वजनाचा गट मागितला. मला नवल वाटलं. वयाच्या गटात त्यांना सोपं गेलं असतं. पण त्यांच्या डोळ्यांपुढे कोण होतं ते मला पुढे कळलं.

ती होती पंचफुला. लातुरात खानावळ चालवणारी, अडतीस वर्षांची, ब्याण्णव किलो. माहेर सिस्टरांच्या गावचं, तिथं आली असताना एकदा त्यांच्याकडे गुडघ्याचं दुखणं घेऊन आली होती. सायकल तिनं सातवीनंतर हातात धरली नव्हती. खानावळीचं दुपारचं उरकलं की सिस्टर सुट्टीच्या दिवशी तिला शाळेच्या मैदानावर न्यायच्या. पंचफुला पडली, कोपर सोलून निघालं, पुन्हा बसली. पोरं कंपाउंडवर बसून बघायची. तेव्हा पंचफुला म्हणायची, आक्का, उद्यापासनं मी येत न्हाई. आणि दुसऱ्या वेळी सिस्टरांच्या आधी मैदानावर हजर असायची.

तिसरी नांदेडची महामाया, पोलीस हवालदार. वय सेहेचाळीस, वजन चौऱ्याऐंशी. एकेकाळी कबड्डीत जिल्ह्याकडून खेळलेली. ऋतुजाला भेटायला गेल्यावर सिस्टरांनी तिला सकाळी गोदावरीकडच्या रस्त्यावर सायकल चालवताना पाहिलं आणि सरळ थांबवून वजन विचारलं. रस्त्यात पोलिसाला थांबवून वजन विचारणारी बाई मी पहिल्यांदाच बघितली, असं महामाया अजून सांगते.

वर्षभर या तिघींचं चाललं होतं. महिन्यातून एका रविवारी महामाया ओळखीच्या जीपमध्ये सायकल टाकून चाकूरला यायची. सिस्टरांचे यजमान व्यंकटराव त्यांच्या मागे मोटारसायकलवर पाणी आणि पंक्चरचं सामान घेऊन असायचे. पंचफुलाची एकच अट होती, वजन गड्यांसमोर करायचं नाही. सिस्टरांनी ती महांतेशकडून लिहून घेतली: काटा बंद खोलीत असेल, वजन बाई करेल, आणि फळ्यावर आकडा न लिहिता फक्त ‘वर’ किंवा ‘खाली’ लिहायचं. वजन करणारी बाई म्हणून सगळ्यांनी सिस्टरांचंच नाव सुचवलं. काट्याचा त्यांच्याइतका अनुभव कुणाला होता? लहान लेकरं, गरोदर बाया, दर महिन्याला त्या तेच तर करत होत्या.

दोन हजार चोवीसचा जानेवारी. शर्यतीच्या सकाळी थंडी चांगलीच होती. शाळेच्या एका वर्गात काटा ठेवला होता आणि मी बाहेर वही घेऊन बसलो होतो. महामाया आत जाऊन आली. वर. पंचफुला तोंडावर पदर धरून गेली, हसत बाहेर आली. वर. मग सिस्टर स्वतः चढल्या, काटा वाचायला महामायाला बोलावलं.

सिस्टर दारात आल्या आणि म्हणाल्या, “सर, माझं खाली लिहा. अठ्ठ्याहत्तर किलो सहाशे.”

वर्षभर सायकल चालवून बाईंचं वजन जवळपास साडेनऊ किलोंनी उतरलं होतं. घरचा काटा त्यांनी दोन महिने बघितला नव्हता. दुसऱ्यांच्या तयारीत राहून गेलं, असं त्या म्हणाल्या.

महांतेश धावत आला. त्यानं आधी इकडेतिकडे बघितलं. मग म्हणाला, सिस्टर, आकडा तर आपण लावणारच नाही, तुमच्यामुळेच हा गट झाला, ‘वर’ लिहून टाका, कोण बघतंय. महामायानं दुसरी वाट काढली. दीड लिटर पाणी प्या आणि पुन्हा काट्यावर उभ्या राहा, पैलवान करतात तसं. पंचफुला नुसती सिस्टरांचा हात धरून उभी होती.

सिस्टर बाकावर बसल्या. चेहरा उतरला होता, तो त्यांनी लपवला नाही.

“चोवीस वर्षं झाली लेकरांची वजनं लिहिते,” त्या म्हणाल्या. “सासवा म्हणतात, सिस्टर, पाव किलो वाढवून लिहा, लोक नावं ठेवतात. न्हाई लिहिलं कधी. वाढवून लिहिलं तर त्या लेकराकडं कोण बघंल? आता माझ्याच वजनात खोटं लिहू का?”

महांतेशनं मान हलवली आणि हळूच म्हणाला, मग गटच रद्द होतो, दोघीच उरल्या. तसं पंचफुलाच्या डोळ्यांत पाणी आलं. सिस्टर ताडकन उठल्या. त्यांनी पिशवीतून आमचंच नियमांचं पत्रक काढलं आणि महांतेशच्या हातात दिलं. तीन नोंदण्या पाहिजेत असं लिहिलं होतं, शर्यतीत तिघी उतरल्या पाहिजेत असं कुठं नव्हतं. नोंदण्या तीन झाल्या होत्या, पावत्या माझ्याच अक्षरातल्या. माझी एक बाद झाली, त्यांचा गट बाद होत नाही, असं त्यांनी सांगितलं. महांतेशनं पत्रक दोनदा वाचलं. मग त्यानं ते घडी घालून खिशात ठेवलं आणि मला म्हणाला, गट राहू द्या.

सिस्टरांचं नाव मी पुन्हा खुल्या गटात लिहिलं. त्या वर्षी त्यात बावीसजणी होत्या.

आपल्या दोघी मैत्रिणींची वाट बघत त्या थांबल्या नाहीत. सुटल्या त्या आपल्या वेगानं. परतीला तोंडावर वारं होतं, कॉलेजच्या पोरी घोळक्यानं एकमेकींच्या आडोशाला चालवत होत्या. सिस्टर एकट्या, मान खाली घालून, एका लयीत. शेवटच्या चढावर त्यांनी त्या पोरींतल्या तिघींना मागं टाकलं. एक तास बावन्न मिनिटं. नंबर पंधरावा. मागच्या वर्षीपेक्षा छत्तीस मिनिटं कमी! मी आकडा दोनदा तपासला. त्या माझ्या वहीकडे आल्याच नाहीत. रस्त्याच्या कडेला उभ्या राहून मागं बघत होत्या.

अर्ध्याहून जास्त वाट महामाया पंचफुलाच्या पुढे होती. परतीला लातूर साताठ किलोमीटरवर असताना एक मोठा उतार लागतो. तिथं पंचफुलानं ब्रेकला हातच लावला नाही आणि भरधाव तिच्यापुढे निघून गेली. मिळालेलं अंतर तिनं शेवटपर्यंत जाऊ दिलं नाही. रेषा ओलांडली तेव्हा महामाया तिच्या मागे चाळीस पावलांवर होती. दोन तास नऊ मिनिटं. उतरून पंचफुला रस्त्यावरच बसली. सिस्टर तिच्याजवळ गेल्या, आधी नाडी बघितली आणि मग पाठीवरून हात फिरवत बसल्या.

मंचावर पंचफुलाच्या हातात चषक देताना महांतेशनं माइकवर सिस्टरांचं नाव घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सिस्टर खाली व्यंकटरावांजवळ उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. त्यांना वाईट वाटलं असेल का, हे मला त्या दिवशी कळलं नाही. पुढे एकदा त्यांनीच सांगितलं. घरी जाताना मोटारसायकलवर मागं बसून त्या चाकूर येईपर्यंत रडल्या होत्या. वर्षभर मनात धरलं होतं, सर, एकदा वर मंचावर उभं राहायचं. व्यंकटरावांनी ना गाडी थांबवली, ना काही विचारलं. घरी आल्यावर चहा मात्र त्यांनी केला.

दोन हजार पंचवीसच्या शर्यतीला आम्ही बायकांचा पंचेचाळीस वर्षांवरचा गटही ठेवला. यावेळी कुणाला अर्ज करावा लागला नाही. त्यात नऊजणी आल्या, वजनाच्या गटात सात. काटा सिस्टरांकडेच होता. वयाच्या गटात निलंग्याच्या एका शिक्षिका पहिल्या आल्या, सिस्टर दुसऱ्या. नाव पुकारलं तेव्हा त्या चष्मा पुसत बसल्या होत्या, ऋतुजानं हाताला धरून उठवलं. लाकडी मंचाच्या दोन पायऱ्या त्या कठड्याला धरून चढल्या.

खाली आल्यावर मी अभिनंदन केलं. त्या म्हणाल्या, “पाय थरथरत होते सर. सायकलवर असं कधी होत न्हाई.”